गृहविद्या : एका आवाजास एकच वाट

घरांतील वृद्ध माणसांचा आवाज जतन करून ठेवावा, अशी इच्छा हल्लीं पुष्कळ कुटुंबांत दिसून येते, व ती सर्वथा स्तुत्य आहे. हिंदुस्थानांत ग्रामोफोनचें ध्वनिमुद्रण १९०२ सालीं सुरू झालें. गायनाचार्य भास्करबुवा बखले त्यानंतर वीस वर्षें, म्हणजे १९२२ पर्यंत, हयात होते. तथापि त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाहीं. त्यांचे शिष्य बालगंधर्व यांचा आवाज मात्र आपण अजूनही ऐकतों.

आतां हें साधन घरोघरीं आलें आहे. आमच्या सातपूरसारख्या कारखान्यांच्या वस्तींतही संगणक, एक मायक्रोफोन व या दोहोंस जोडणारी इंटरफेस नांवाची लहानशी पेटी एवढ्या सामग्रीवर काम भागतें. परंतु कित्येकांस प्रथमच असा अनुभव येतो कीं, आजींची ओवी केवळ डाव्या कानांत ऐकूं येते. उजवा कान रिताच राहतो. मग मायक्रोफोनवर दोष येतो. वस्तुतः बिघाड कशांतच नसतो.

ग्रीक भाषेंत ‘मोनो’ म्हणजे एक, व ‘स्टिरिओ’ म्हणजे घन. घन ध्वनीसाठीं डावी व उजवी अशा दोन वाटा लागतात. पेटीचें पहिलें छिद्र ही डावी वाट व दुसरें ही उजवी, असें संगणक स्टिरिओ निवडतांच गृहीत धरतो. मायक्रोफोन पहिल्या छिद्रांत असला व दुसरें मोकळें असलें, तर उजवीकडे शांतताच मुद्रित होणार! मोनो निवडल्यास तोच एक आवाज मध्यभागीं राहून दोन्ही कानांस सारखा पोंचतो. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालींत वाहिन्यांची संख्या एक वा दोन अशी आधींच ठरवितां येते. मुद्रण होऊन गेलें असल्यासही निराश होऊं नये. ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ ही आज्ञा देऊन रिकामी वाहिनी काढून टाकावी.

स्टिरिओ म्हणजे उंची माल व मोनो म्हणजे हलका, हा समज सोडून द्यावा. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या मोनोच आहेत. एक कंठ, एक मायक्रोफोन, तेथें मोनोच योग्य. गायकासाठीं एक व तबल्यासाठीं दुसरा मायक्रोफोन असेल, तर दोन निरनिराळ्या मोनो वाहिन्या घ्याव्या. म्हणजे पुढें तबला चढल्यास तेवढाच उतरवितां येतो. ज्या विद्युत्-वाद्यास डावें व उजवें अशीं दोन मुखें असतात, किंवा जेथें दोन मायक्रोफोन मांडून सबंध भजनी मंडळाचा विस्तार टिपावयाचा असतो, तेथें स्टिरिओ शोभतें. साध्या उत्तम प्रतीच्या मोनो मुद्रणास तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट जागा लागते. स्टिरिओस त्याच्या दुप्पट.

त्र्यंबक रस्त्यावरील रहदारी जवळ असल्यास खिडक्या लावून मायक्रोफोन मुखापासून वीतभर अंतरावर ठेवावा; दुसरा विनाकारण उघडल्यास रस्त्याचा गोंगाट मात्र वाढतो. आणि मुख्य म्हणजे, प्रथम एक मिनिट मुद्रण करून तें दोन्ही कानांनीं ऐकावें, मगच वडीलधाऱ्यांस गावयास बसवावें. यंत्राची कळ पुनः पुनः दाबतां येते. ऐंशी वर्षांच्या छातींतील दम दर वेळीं तसाच असेल, असा भरंवसा कोणीं द्यावा?