विमानाचा तास नव्हे, दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजा

धाराशिव ते गोंदिया विमानानं किती वेळ लागतो, असं मोबाइलवर विचारलं की उत्तर लगेच येतं: हवाई अंतर साधारण 570 किलोमीटर, वेळ तास-सव्वा तास. दोन्ही ठिकाणी विमानतळ आहे, म्हणून उत्तर खरं वाटतं. लेक तिकडे नोकरीला लागलेली असते आणि घरची मंडळी याच आकड्यावर बेत आखतात. त्यांना कळकळीनं सांगतो, तसं करू नका.

हा आकडा म्हणजे नकाशावरची सरळ रेघ भागिले विमानाचा वेग. त्या रेघेवर विमान उडतं का, हे त्यात धरलेलंच नसतं. आपल्या धाराशिवच्या विमानतळावरून प्रवाशांची नियमित सेवा नाही. धावपट्टी साधारण 1200 मीटरची. सत्तर आसनांचं एटीआर विमान पूर्ण भरलं, तर समुद्रसपाटीलाच त्याला सुमारे 1300 मीटर लागतात. आपण तर बालाघाटच्या पठारावर. उंचावर हवा विरळ असते, वैशाखात ती तापून आणखी विरळ होते. मग पट्टी याहूनही लांब लागते.

गोंदियाला जायचं तर खरी वाट जमिनीवरचीच: नागपूर-तुळजापूर महामार्गानं नागपूर, तिथून रेल्वे. त्यासाठी पूर्ण दिवस हाताशी ठेवा.

जवळचं विमान सोलापूरचं. 2025 मध्ये तिथून गोव्याची आणि नंतर मुंबईची सेवा सुरू झाली. पण तिथंही हिशेब पूर्ण करा. समजा, पेशंटला परळच्या टाटा हॉस्पिटलला न्यायचंय आणि विमान दुपारी 1 चं आहे. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून 11 ला पोहोचायचं. सोलापूर सत्तरेक किलोमीटर, म्हणजे साडेनऊला घर सोडायचं. सव्वादोनला विमान उतरेल, सामान घेऊन बाहेर पडायला तीन, परळ गाठायला चार. उड्डाण तासाभराचं, प्रवास साडेसहा तासांचा! आणि त्या वेळी ओपीडीत नंबर लागणं अवघडच. लातूरकडून मुंबईला जाणारी रात्रीची गाडी धाराशिवला धरली, तर पेशंट झोपून जातो, सकाळी सीएसएमटीला उतरतो आणि तिथून परळ लोकलनं जवळ आहे.

विमान वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला बसून रात्र काढणं झेपत नाही, आणि बर्थही मिळत नाही, त्यानं ते जरूर घ्यावं. फक्त तिकीट काढण्याआधी एवढं करा.

विमान कोणत्या वारी आहे, ते कंपनीकडेच विचारा. लहान विमानतळांची वेळापत्रकं वरचेवर बदलतात. पुढचं विमान धरायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर काढा. वेगवेगळी काढली आणि पहिल्याला उशीर झाला, तर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात. विमान रद्द झालंच तर कोणती बस, कोणती रेल्वे धरायची, तेही आधीच ठरवा. सोबत म्हातारं माणूस असेल तर व्हीलचेअरची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवा.

मग घर सोडल्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे तास आणि रिक्षा-टॅक्सीसह सगळा खर्च एका कागदावर मांडा. दोन्ही वाटांचा मांडा, आणि त्यावर घरात बोलूनच पैसे भरा.