पाण्याखालचा धंदा : खडक कोणाचा, कमाई कोणाची?

समुद्रावर पोट भरणाऱ्या माणसाला आजवर दोनच उत्पन्ने ठाऊक होती, एक मासळीचे आणि दुसरे जहाजावरच्या नोकरीचे. आमच्या रत्नागिरी-रायगड किनाऱ्यावरची कित्येक मुस्लिम घराणी या दोहोंवरच उभी राहिली. तिसरे उत्पन्न गेल्या पन्नास वर्षांत मालदीवच्या बेटांनी जगाला दाखवून दिले. समुद्रातून काहीही बाहेर न काढता, पाण्याखाली जे आहे ते नुसते दाखवून पैसा मिळवायचा. तोंडावर मास्क आणि श्वासाची नळी लावून वरवर पोहत पाहणे म्हणजे स्नॉर्केलिंग, आणि पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून खाली उतरणे म्हणजे स्कूबा. हा धंदा कसा चालतो, त्यात कमावतो कोण आणि त्याचे भांडवल कशाने बुडते, हे आमच्या व्यापारी वाचकांनी नीट पाहावे असे आम्हाला वाटते. कारण तो आता लक्षद्वीपच्या दारात उभा आहे आणि मालवणात तर घरात शिरला आहे.

मालदीव म्हणजे सुमारे १,२०० लहान-लहान बेटे. त्यांपैकी वस्ती असलेली दोनशेच्या आतबाहेर. ही बेटे प्रवाळांनी, म्हणजे आपल्या पोवळ्याच्या भाऊबंदांनी बांधलेल्या गोल कड्यांवर बसली आहेत. अशा कड्याला जगभर 'अटॉल' म्हणतात, आणि तो शब्द मूळ मालदीवच्या धिवेही भाषेतला आहे. पूर्वी या बेटांची तिजारत कवड्यांची, काथ्याची आणि सुकवलेल्या मासळीची. चौदाव्या शतकात इब्न बतूता येथे काजी होता, त्यानेही या मालाची नोंद करून ठेवली आहे. पर्यटक येऊ लागले १९७२ पासून. त्याच वर्षी राजधानी मालेजवळ कुरुम्बा हे पहिले रिसॉर्ट उघडले. आज हीच या देशाची मुख्य रोजी आहे. २०२४ साली तेथे वीस लाखांहून अधिक पाहुणे आले.

आता धंद्याचे गणित. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असे आपली वर्तमानपत्रे सर्रास छापतात, ते चूक आहे. त्यात आपण श्वासात घेतो तीच साधी हवा गाळून, दाबून भरलेली असते. नेहमीच्या सिलिंडरात सुमारे ११ लिटरच्या जागेत २०० बार दाबाने हवा भरतात. दहा मीटर खाली गेले की पाण्याचा दाब दुप्पट होतो आणि तेवढीच हवा निम्मा वेळ पुरते. वर येताना श्वास रोखून धरला तर फुफ्फुसे फुगून फाटू शकतात. फार वेळ खोल राहून घाईने वर आले तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणून या धंद्यात खरा माल विकला जातो तो सुरक्षिततेचा. हवा भरणारा कॉम्प्रेसर, त्याचे फिल्टर, मुदतीत तपासलेली सिलिंडरे आणि पाण्यात सोबत उतरणारा शिकलेला माणूस, खर्च येथे आहे आणि प्रतिष्ठाही येथेच. कॉम्प्रेसरचे तोंड चुकून इंजिनाच्या धुराकडे राहिले तर सिलिंडरात विषारी वायू भरला जातो, आणि गिऱ्हाईक परत येत नाही ते कायमचेच. मालदीव सरकारने हौशी पाणबुड्यांना ३० मीटरची मर्यादा घालून दिली आहे. ती योग्यच आहे.

परंतु कॉम्प्रेसर आणि सिलिंडर पैसे टाकले की कोठेही मिळतात. पैशाने न मिळणारे भांडवल म्हणजे तो खडक आणि त्यावरची जिवंत वस्ती. या भांडवलाचा हिशेब मालदीवमध्येच एकदा मांडला गेला, आणि आमच्या मते प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लावावा असा तो आहे. १९९३ साली अँडरसन आणि हुधा अहमद या दोन संशोधकांनी मुशीच्या मासेमारीचा अहवाल लिहिला. मच्छीमाराने पकडलेल्या एका राखाडी मुशीचे त्याला मिळत होते सुमारे ३२ डॉलर, तेही एकदाच. तीच मुशी अरी अटॉलमधल्या 'फिश हेड' नावाच्या खडकाभोवती जिवंत फिरत राहिली तर तिला पाहायला येणाऱ्यांकडून वर्षाला सुमारे ३३,५०० डॉलर मिळत होते. म्हणजे एकाच माशाचा हजारपट फरक! पण ३२ डॉलर पडत होते मच्छीमाराच्या हातात आणि ३३,५०० जात होते रिसॉर्टच्या गल्ल्यात. मग मच्छीमाराने मुशी का सोडावी? २०१० साली सरकारने मुशीच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली. बंदी आम्हाला मान्य आहे. परंतु ज्याचे जाळे काढून घेतले त्याला नव्या धंद्यात वाटा मिळाला का, हा प्रश्न बंदीबरोबरच विचारला गेला पाहिजे.

बराच काळ तो वाटा मिळत नव्हता. मालदीवचे धोरण 'एका बेटावर एकच रिसॉर्ट' असे होते. निर्जन बेट भाड्याने द्यायचे, तेथे वीज, पाणी, मैला सगळ्याची व्यवस्था मालकाने करायची. १९८० च्या दशकापासून वस्तीच्या बेटांवर पर्यटकांना राहू देणेही बंद झाले. या धोरणामागचे कारण आम्ही हसण्यावारी नेत नाही. देश शंभर टक्के मुसलमानांचा, पाहुण्यांना हवी दारू आणि उघडे किनारे. दोघांना दूर ठेवले तर दोघेही सुखी, असा तो विचार होता. शिवाय गर्दी आटोक्यात राहिली हेही खरे. पण परिणाम असा झाला की खाद्यपदार्थ परदेशातले, शिक्षक जर्मनी-इटली-जपानचे, मजूर बहुतांशी बांगलादेश, भारत आणि श्रीलंकेचे, आणि नफा माल्यातल्या मोजक्या घराण्यांचा व परदेशी कंपन्यांचा. ज्या बेटाच्या खडकावर हे सारे चालले त्या बेटावरचा माणूस होडीत सामान चढवत राहिला. दारू वाढण्याचे काम नको म्हणून आणि घरापासून महिनोन् महिने दूर राहायचे म्हणून अनेक घरांनी आपल्या मुलींना तेथे पाठवलेच नाही.

२००९-१० मध्ये वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊस उघडायला परवानगी मिळाली आणि चित्र बदलू लागले. माफुशी हे मच्छीमारांचे बेट आज गेस्ट हाऊसांसाठी प्रसिद्ध आहे. घरातली माणसेच खोल्या चालवतात, भाऊ होडी हाकतो, मुलगा डायव्ह मास्टर होतो. बेटावर दारू नाही, पाश्चात्त्य पोशाखात पोहायला किनाऱ्याचा एक भाग राखून दिलेला, आणि पाहुणे तरीही येतात. (काहींनी समुद्रात बोट नांगरून तिच्यावर बार काढला ही पळवाटही झालीच; व्यापार तेथे पळवाट, दुसरे काय!) 'आपल्या रीतीभाती सांभाळून पर्यटन चालत नाही' असे जे आमच्याकडे ठामपणे सांगतात त्यांनी एकदा हा अनुभव तपासावा.

मात्र मालक कोणीही असो, भांडवलाला आग लागली आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे जास्त तापले तरी प्रवाळ आपल्या शरीरातले शेवाळ बाहेर टाकते. रंग आणि अन्न त्या शेवाळाचे, म्हणून ते पांढरे पडते आणि उष्णता टिकली तर मरते. १९९८ साली मालदीवच्या उथळ खडकांवरचे बहुतेक प्रवाळ असे मेले. पंधरा-सोळा वर्षांत खडक सावरतो न सावरतो तोच २०१६ ने पुन्हा तडाखा दिला, आणि २०२४ साली तर जगभरच्या समुद्रांत प्रवाळ पांढरे पडल्याचे शास्त्रज्ञांना जाहीर करावे लागले. ही उष्णता मालदीवने निर्माण केलेली नाही. पण लगूनमधली वाळू उपसून नवी जमीन करणे, त्या गाळाने शेजारचा खडक गुदमरवणे, हे त्यांचे स्वतःचे काम आहे. एका हाताने पाहुण्याकडून दर रात्रीचा 'ग्रीन टॅक्स' घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रेजर बोलवायचा, हा हिशेब आम्हाला कळत नाही. याउलट बा अटॉलमधला हनिफारू उपसागर पाहा. मांटा जातीचे अजस्त्र पाकट तेथे चरायला जमतात. सरकारने तेथे सिलिंडर बंद केले, केवळ स्नॉर्केल लावून, मोजक्या माणसांनी, मोजका वेळ उतरायचे. गिऱ्हाईक कमी झाले नाही, उलट तेथे जाण्याचे मोल वाढले.

आता आपल्या घरचा प्रश्न. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी दहांवर वस्ती आहे, लोक जवळजवळ सगळे मुसलमान, आणि मिनिकॉयची बोली तर मालदीवच्या धिवेहीचीच बहीण. १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्णतेने तेथील खडकही होरपळले. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तेथे स्नॉर्केलिंग केले आणि सारा देश एकदम या बेटांचे तिकीट शोधू लागला. त्याआधी वर्षभर, जानेवारी २०२३ मध्ये, टाटांच्या इंडियन हॉटेल्स कंपनीने सुहेली आणि कदमत बेटांवर दोन ताज रिसॉर्टचे करार जाहीर केले होते. मोठी कंपनी आली म्हणजे वाईटच होते असे आम्ही म्हणत नाही. मैल्याची आणि पाण्याची व्यवस्था तीच नीट करू शकते. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. मालदीवने आधी रिसॉर्ट दिले आणि बेटकऱ्याला गेस्ट हाऊस द्यायला पुढची जवळपास चार दशके घालवली. लक्षद्वीपमध्ये गेस्ट हाऊसचे, होडीचे आणि डायव्ह सेंटरचे परवाने प्रथम बेटावरच्या कुटुंबांना व सहकारी संस्थांना मिळावेत, त्यांना बँकेचे कर्ज मिळावे, आणि एका खडकावर दिवसाला किती माणसे उतरतील याचा आकडा आधी ठरावा. तो आकडा ठरवताना गळाने टूना पकडणारा मच्छीमार टेबलापाशी बसलेला असावा, कारण टूनाला लावायचे आमिष याच लगूनमधून मिळते.

मालवण-तारकर्लीच्या तरुणांना आम्ही वेगळे सांगू. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाहुण्याला हात धरून दहा-पंधरा मिनिटे खाली नेणे आणि फोटो काढून देणे, एवढ्यावर हा धंदा तेथे अडकला आहे. दर पाडण्याच्या चढाओढीत सिलिंडर तपासायला पैसा उरत नाही, आणि होडीचा नांगर थेट प्रवाळावर पडतो. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, याचाही अनेकांना विसर पडतो. ज्याला या धंद्यात टिकायचे आहे त्याने डायव्ह मास्टरचे प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी वय १८ पूर्ण आणि पाण्याखालच्या साठेक फेऱ्यांची नोंद लागते. शिक्षक व्हायचे तर शंभर. आखातात ड्रायव्हर म्हणून जाणाऱ्या आमच्या पोहणाऱ्या मुलाला हे कागद मालेपासून तांबड्या समुद्रापर्यंत चालतात हे कोणी सांगितलेलेच नसते. कोर्सची फी मोठी आहे, एका घराला जड. आमच्या जमातींच्या शिष्यवृत्त्या अजून डॉक्टर-इंजिनिअरपुरत्या राखीव आहेत. येत्या वर्षी त्यांतल्या दोन-तीन दर्यावर्दी घरांतल्या मुलांसाठी काढाव्यात आणि अर्ज पावसाळ्यातच मागवावेत, म्हणजे ऑक्टोबरमध्ये समुद्र निवळताच शिकायला सुरुवात करता येईल.