कपिलारण्य? नाही हो काका!

सनीवेलला मुलाकडे चार महिने राहून परतल्यावर काकांनी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला. कॅलिफोर्निया म्हणजे मुळातलं कपिलारण्य. सगर राजाचा यज्ञाचा घोडा तिथेच सापडला आणि त्याचे साठ हजार पुत्र कपिलमुनींच्या नजरेने तिथेच भस्म झाले. पुरावा? तिकडे 'हॉर्स आयलंड' आणि 'अ‍ॅश आयलंड' आहेत! खाली जोडलेल्या हातांची रांग.

मी विचारलं, "काका, अरण्याचं नाव झिजत झिजत कॅलिफोर्निया झालं, मग घोडा आणि राख तेवढी इंग्रजीत कशी भाषांतरित झाली? इंग्रजी बोलणारे तिकडे पोचून जेमतेम दोनशे वर्षं झालीत."

उत्तर आलं, "तुला आपलं काही चांगलं बघवतच नाही."

बघवतं हो. पण खरी गोष्ट यापेक्षा कितीतरी भन्नाट आहे, तिचं काय?

१५१०च्या सुमारास गार्सी रोड्रिगेस दे मोंताल्वो या स्पॅनिश लेखकाची एक कादंबरी छापून आली. नायक एस्प्लांदियान. तलवारी, राक्षस, जादू, सगळा मसाला. त्यात कॅलिफोर्निया नावाचं एक बेट आहे, तेही 'इंडीज'च्या उजव्या हाताला. तिथे फक्त काळ्या स्त्रिया राहतात, पुरुष औषधालाही नाही. दुसरा धातूच नसल्याने हत्यारं सोन्याची. राणीचं नाव कलाफिया. सेर्वान्तेसच्या 'डॉन किहोते'मध्ये पाद्री नायकाची पुस्तकं जाळायला काढतो, तेव्हा पहिला नंबर याच कादंबरीचा लागतो. आजच्या भाषेत, रेल्वे स्टेशनवरचं बेस्टसेलर.

१५३०च्या दशकात कोर्तेसची माणसं मेक्सिकोच्या पश्चिमेचा समुद्र ओलांडून एका रखरखीत भूमीवर उतरली. ते बेटच असणार असं त्यांना वाटलं. डोक्यात सोनं होतंच. १५४२पर्यंत कादंबरीतलं नाव तिला चिकटलेलं दिसतं. खरं तर तो द्वीपकल्प होता. फ्रान्सिस्को दे उल्योआने १५३९मध्येच ते आखात टोकापर्यंत पालथं घातलं होतं. तरी सतराव्या शतकातले नकाशे कॅलिफोर्नियाला खुशाल बेट म्हणून दाखवत राहिले. शेवटी १७४७मध्ये स्पेनच्या राजाला फर्मान काढावं लागलं की हे बेट नाही. फॉरवर्ड काही आपणच शोधलेले नाहीत.

कादंबरीशी असलेलं हे नातं एडवर्ड एव्हरेट हेल याने १८६२मध्ये पुढे आणलं. तरी 'कालिदा फोर्नाक्स', म्हणजे लॅटिनमध्ये तापलेली भट्टी, हीच व्युत्पत्ती अनेकांना अजून आवडते. भट्टीला स्पॅनिश खलाशी 'ओर्नो' म्हणतो, लॅटिन कशाला झाडेल? पण काळ्या राणीपेक्षा भट्टी सभ्य वाटते. आपल्याला कपिलमुनी सभ्य वाटतात.

माझा राग व्युत्पत्ती चुकली म्हणून नाही. त्या भूमीवर आधीपासून माणसं होती. काकांचा मुलगा राहतो तो सगळा टापू ओहलोनी लोकांचा. त्यांच्या गावांवर आधी स्पॅनिश संतांची नावं बसली. मग १८४८मध्ये खरोखरचं सोनं सापडलं. त्या सुमाराला कॅलिफोर्नियात मूळनिवासी दीडेक लाख होते. १८७०च्या आसपास तीसेक हजार उरले. रोगराई, उपासमार आणि सरकारी पैशाने झालेल्या कत्तली. त्या जमिनीवर व्हिसा घेऊन गेलेले आपण आता सांगणार की हे मुळात आमचंच? कोर्तेसच्या माणसांनी निदान कादंबरी तरी वाचली होती.

काकांचा डीपी मालिबूच्या किनाऱ्यावरचा आहे. मालिबू हा चुमाश लोकांच्या 'हुमालिवो' या गावाच्या नावाचा उरलेला तुकडा. जिथे लाटांचा आवाज मोठा होतो, ती जागा. एवढंच मी ग्रुपवर लिहिलं. अंगठा एकच आला, सनीवेलच्या चुलतभावाचा. काकांनी तासाभराने गुड नाइट टाकलं, कमळाच्या फोटोसकट.