आम्हीं पाहिलेले तीन चित्रपट

चित्रपट म्हटला कीं आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. अभ्यासाचा वेळ जातो, डोळे बिघडतात, नको तें वळण लागतें, हीं त्यांचीं गाऱ्हाणीं अगदींच खोटीं आहेत असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु सारे चित्रपट एकाच मापानें मोजणें म्हणजे सारीं पुस्तकें एकाच मापानें मोजण्यासारखें होय. गेल्या कांहीं वर्षांत जाणत्यांनीं वाखाणलेले तीन चित्रपट आमच्या पाहण्यांत आले. ते पाहून मनांत जें आलें, तें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मोकळेपणानें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पहिला चित्रपट श्री. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३). यांतील जब्या हा शाळेंत जाणारा कैकाडी समाजाचा मुलगा. 'फँड्री' म्हणजे कैकाडी बोलींत डुक्कर. गांवांतील डुकरें धरण्याचें काम त्याच्या कुटुंबाकडे येतें, आणि ज्या वर्गबंधूंपुढें त्याला मानानें वावरावयाचें असतें, त्यांच्याच देखत तें करावें लागतें. डुक्कर हातीं येणार, इतक्यांत शाळेंतून राष्ट्रगीताचे सूर येतात. सारें कुटुंब जागच्या जागीं ताठ उभें राहतें आणि डुक्कर निसटून जातें. ही धांवपळ पाहतांना आमच्या शेजारीं बसलेले विद्यार्थी खदखदां हंसले. खोटें कशास बोलावें? आमच्याही ओठांवर हसूं आलें. मग ध्यानांत आलें कीं, चित्रपटांतील गांवकरीही असेच हंसत आहेत, आणि आम्ही नकळत त्यांच्याच रांगेंत जाऊन बसलों आहों. अखेरीस अपमान असह्य होऊन जब्या जो धोंडा भिरकावतो, तो पाहणाऱ्याच्याच रोखानें येतो. तो आपल्यासाठीं नव्हता असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

दुसरा चित्रपट श्री. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४). सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक यास मिळालें. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराचें गाणें ऐकून एका सफाई कामगारानें गटारांत जीव दिला, असा आरोप ठेवून त्यास पकडतात, आणि तारखांमागून तारखा पडत राहतात. नवल असें कीं, यांत खलपुरुष म्हणून कोणीच नाहीं. सरकारी वकीलबाई काम आटोपून घरीं जातात, स्वयंपाक करतात, घरच्यांस वाढतात. न्यायाधीश सुटींत आप्तांसह सहलीस जातात. तुमच्याआमच्यासारखींच हीं माणसें. तरीही त्यांच्या निर्विकार कामकाजांत एका म्हाताऱ्याचे दिवस वायां जातात. शेवटीं बांकावर डुलकी घेणाऱ्या न्यायाधीशांस मुलें ओरडून दचकवतात, आणि ते हातीं लागलेल्या एका मुलास थप्पड मारतात. तें पाहून आम्हांस आमचीच वर्गांतील खुर्ची आठवली. गलका झाला म्हणून जवळच्या बांकावरील मुलास, पुरती चौकशी न करतां, आम्हींही शिक्षा केलेली आहे.

तिसरा चित्रपट श्रीमती पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. हा मुख्यतः मल्याळम् भाषेंत आहे. सन २०२४ मध्यें फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत यास 'ग्रां प्री' हें दुसऱ्या क्रमांकाचें पारितोषिक मिळालें. त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेंत भारतीय चित्रपट तीस वर्षांनीं प्रथमच दाखल झाला होता. मुंबईंतील एका इस्पितळांतल्या दोन मल्याळी परिचारिकांची ही कथा. परंतु आमच्या मनांत घर करून राहिली ती तेथें स्वयंपाक करणारी, मूळची रत्नागिरीकडील पार्वती. श्रीमती छाया कदम यांनीं ती उभी केली आहे. तिचा दिवंगत पति गिरणी कामगार. घराचे कागद तिच्यापाशीं नाहींत. म्हणून कित्येक वर्षें राहूनही तें घर तिचें ठरत नाहीं, आणि ती कोंकणांत परत जाते. अशा बाया आमच्या नात्यांत आणि शेजारांत आहेत. त्यांच्या हातचें आम्हीं जेवलों; त्यांच्या नांवावर काय आहे, हें मात्र कधीं विचारलें नाहीं. हा चित्रपट प्रौढांसाठीं आहे. तो पालकांनीं पाहावा, मुलांनीं वयांत आल्यावर.

कोणी म्हणेल, संसारांत दुःख काय कमी आहे, म्हणून तें मुलांस पडद्यावरही दाखवावें? शंका रास्त आहे. पण रडविणारे चित्रपट पुष्कळ असतात. दोन आसवें गाळलीं कीं मन हलकें होतें आणि आपण स्वतःस दयाळू समजून घरीं जातों. या तीन चित्रपटांनीं आम्हांस तशी मोकळीक दिली नाहीं. दुष्ट मनुष्य दाखवून त्याच्यावर दोष ढकलण्याची सोय त्यांनीं ठेवली नाहीं, हाच आमच्या मतें त्यांचा मोठा गुण.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलांस सरसकट मनाई करूं नये. चांगला चित्रपट निवडून त्यांच्या शेजारीं बसून पाहावा, आणि संपल्यावर घटकाभर बोलावें. विद्यार्थ्यांनीं नटांची वाहवा करण्यापूर्वीं स्वतःस विचारावें कीं, या गोष्टींत मी कोणाच्या जागीं होतों?

'फँड्री' संपल्यावर हंसणाऱ्यांपैकीं एक विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आपण हंसावयास नको होतें." त्यानें 'आम्ही' न म्हणतां 'आपण' म्हटलें, हें आम्ही विसरलों नाहीं.