बिनगावाचा नंबर

टेलिफोनच्या नंबरला पूर्वी गाव असायचं. ०२३८५ म्हटलं की उदगीर, ०८४८२ म्हटलं की बिदर, ०२१७ सोलापूर, ०८४७२ गुलबर्गा, म्हणजे आताचं कलबुर्गी. नंबर कुणाचा हे कळायच्या आधी तो कुठला हे कळायचं. आपल्या भागापुरतं बोलायचं तर शून्यानंतर दोन आला की महाराष्ट्र आणि आठ आला की कर्नाटक, इतका सरळ हिशेब होता. (गोव्याची तेवढी गंमत. टेलिफोन खात्याच्या कारभारात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये, पण कोड ०८३२, म्हणजे बेळगावच्या ०८३१चा सख्खा शेजारी. सीमा आखणाऱ्यांचं आणि कोड वाटणाऱ्यांचं बोलणं झालेलं दिसत नाही.)

गाव कळलं की अंतर कळायचं आणि अंतर कळलं की खर्च. एस.टी.डी. बूथमधलं ते लाल आकड्यांचं मीटर आठवतं ना? माहेरी फोन लावायचा तर एक डोळा त्या मीटरवर ठेवून बोलायचं. "बरं आहे, सगळे बरे आहेत, ठेवते," एवढ्यात संवाद आटपायचा. रात्री उशिरा पाव दर लागायचा म्हणून जेवणं उरकून बूथसमोर रांगा लागत. उदगीरहून बिदर तसं जवळ, पण फोन मात्र परमुलखात केल्यासारखा. मग १ मार्च २००६ला बी.एस.एन.एल. आणि एम.टी.एन.एल.ने 'वन इंडिया' योजना आणली, देशभर कुठेही मिनिटाला एक रुपया, आणि अंतराचा धाक संपला. ज्यांच्या मुली सीमेपलीकडे दिल्या होत्या त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल हे सांगायला नको.

अंतराचा धाक गेला खरा, पण त्याच सुमारास एक वेगळेच नंबर आपल्या घरात शिरू लागले होते. १८०० आणि १८६०. यांना गावच नाही. अशा नंबरमागे तारेचं दुसरं टोक ठरलेलं नसतं. आपण तो फिरवला की एक्सचेंजमधली यंत्रणा तिच्या यादीत बघते की या नंबरचा धनी आज फोन कुठे घेतो आहे, आणि आपला कॉल तिकडे पाठवते. सकाळी तो हैदराबादला वाजेल, रात्री नोएडाला. आपल्याला पत्ता लागत नाही, आणि तो लागायची गरजही नसते. गरज असते ती एकच गोष्ट कळायची: पैसे कोण देणार? ते पहिल्या चार आकड्यांत लिहिलेलं असतं, फक्त ते वाचायला कुणी शिकवलेलं नाही.

१८०० म्हणजे सगळा खर्च ज्याचा नंबर आहे त्याचा. ही कल्पना अमेरिकेत ए.टी. अँड टी.ने १९६७ साली ८०० क्रमांकाने सुरू केली. आपल्याकडे आधी असे मोफत नंबर १६००ने सुरू होत, नंतर ते १८०० झाले. जुन्या डायरीत, फ्रिजच्या गॅरंटी कार्डावर कुठे १६०० असेल तर तो खोडून टाका. २०२४पासून १६०० ही मालिका उलट्या कामाला दिली आहे. बँका, विमा कंपन्या आपल्याला फोन करतात तेव्हा त्यांचा नंबर तसा दिसावा, अशी योजना आहे. आणि १८०० मोफत म्हणजे पहिल्यापासून सगळ्यांना मोफत होता असंही नाही. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीचा १८०० लागतच नसे. तो लागावा म्हणून ट्रायला २००६ साली नियम करावा लागला.

१८६०ची गोष्ट वेगळी. इथे खर्चाची वाटणी असते. फोन करणाऱ्याने लोकल कॉलचे पैसे द्यायचे, वरचा खर्च कंपनीने. ऐकायला रास्त वाटतं. घोळ असा की लोकल कॉल हा आपल्याकडे वेळेवर मोजला जायचा. जुन्या मीटरप्रमाणे तीन मिनिटांचं एक युनिट, युनिटला एक रुपया वीस पैसे. आणि मीटर माणूस बोलायला लागल्यावर सुरू होत नाही, ती रेकॉर्ड केलेली बाई "स्वागत आहे" म्हणाली की लगेच सुरू होतं. पुढची वीस मिनिटं सतार ऐकली तरी ती सात युनिटं, आठ रुपये चाळीस पैसे. मोबाईलवर तर 'अमर्याद' म्हणून विकलेल्या बऱ्याच पॅकमध्ये १८६० धरलेलाच नसतो, तो वेगळा कापला जातो. लँडलाइनचा प्लॅन घेतानाही "सगळे कॉल फ्री" यात १८६० येतो का, हा प्रश्न तोंडाने विचारावा लागतो. मी अर्थशास्त्र शिकवते, तरी बिलामागचा बारीक मजकूर वाचताना मलाही चष्मा दोनदा पुसावा लागतो.

आता हे सगळं मी का खोदत बसले, ते सांगते. माझी मावशी हैदराबादला गौलीगुड्यात राहते. आपल्याकडच्या जुन्या माणसांना गौलीगुडा म्हणजे बसस्टँड. बिदरची, गुलबर्ग्याची गाडी त्या भल्यामोठ्या पत्र्याच्या कमानीखाली येऊन थांबायची. १९९४ला स्टँड इमलीबनला गेला आणि ती कमान ५ जुलै २०१८ला पहाटे कोसळली. मावशी मात्र तिथेच आहे. माहेर भालकीकडचं, त्यामुळे देवाशी मराठी, भाजीवालीशी तेलुगू, शेजाऱ्यांशी हैदराबादी हिंदी आणि स्वतःशी कन्नड. काकांना जाऊन दोन वर्षं झाली. घरात अजून लँडलाइन आहे, ०४०चा, सात आकड्यांच्या आधी २ लागून आठ आकडी झालेला तोच जुना नंबर. मोबाईल कानाला लावला की तिला ऐकू येत नाही.

तिची फॅमिली पेन्शन अचानक थांबली. नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला तिने दिला होता, पण तो नोंदलाच गेला नव्हता. शाखेत गेली तर काउंटरवरच्या मुलाने एक चिठ्ठी दिली, त्यावर १८६०ने सुरू होणारा नंबर. "अम्मा, यहाँ फोन करो." मावशीने केला. एक दाबा, दोन दाबा. तेलुगू, हिंदी, इंग्रजी. मग संगीत. चार-पाच मिनिटं झाली की तिला ते लाल आकड्यांचं मीटर दिसायला लागे. "एष्टु दुड्डु आय्तो एनो!" म्हणून ती फोन ठेवून देई. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असे चार महिने गेले. चार महिने पेन्शन नाही, आणि हे तिने कुणाला सांगितलंही नाही. साठवणीतले पैसे काढून भागवत होती. मी दिवाळीनंतर गेले तेव्हा औषधाची एक पट्टी दोन दोन दिवसांआड पुरवून घेतलेली दिसली आणि मग विषय निघाला.

मला राग आला तो त्या आठ रुपयांचा नाही. जिला पेन्शन द्यायची तिनेच ती का थांबली हे विचारायला मीटर चालू ठेवून रांगेत उभं राहायचं, याचा आला. चूक बँकेची, दुरुस्तीचा लोकल दर मात्र मावशीचा! ब्रिटनमध्ये अशाच बिनगावाच्या नंबरांवरून ग्राहकांनी बरीच ओरड केली. १ जुलै २०१५पासून तिथे अशा कॉलच्या दराचे दोन भाग उघड करायला लावले: फोन कंपनीचा आकार किती आणि ज्याचा नंबर आहे त्याचा किती. आणि ०८०० हा मोबाईलवरूनही खरोखरचा मोफत केला. आपल्याकडे १८६०शेजारी 'लोकल दर लागू' एवढं छापतात, तेही छापलंच तर.

कॉलच्या दरात दुसऱ्याचा वाटा असणं ही आपल्याला अगदीच नवी गोष्ट नाही. २००७ साली 'कौन बनेगा करोडपती'च्या वेळी घरबसल्या उत्तर पाठवायची स्पर्धा होती, एका एस.एम.एस.ला २ रुपये ४० पैसे. बक्षिसाचे पैसे त्यातूनच येतात आणि स्पर्धा मोफत असल्याचा भास होतो, अशी तक्रार झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये स्टार आणि एअरटेलला एक कोटीचा दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये तो रद्द केला, पुरावा पुरेसा नाही म्हणून. निकाल काहीही लागो, आपल्या घरातून किती २.४० गेले होते हे त्या वेळी कुणी मोजलं होतं?

मावशीच्या गोष्टीत एक भाग अजून आहे. मधल्या काळात खालच्या मजल्यावरच्या एका मुलाने इंटरनेटवरून बँकेचा 'डायरेक्ट नंबर' शोधून दिला, दहा आकडी मोबाईल. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला, समोरचा फार गोड बोलला आणि कार्डावरचे आकडे मागू लागला. मावशीने फोन आपटला. "कसं ओळखलंस?" मी विचारलं. "अगं, बँक इतक्या लवकर फोन उचलते होय?" जिथे खऱ्या नंबरवर वाट बघावी लागते तिथे खोटे नंबर सुळसुळतात, हे तिने माझ्याआधी ओळखलं होतं. असं काही घडून पैसे गेलेच तर क्षणाचा विचार न करता १९३० फिरवायचा, तो सायबर गुन्ह्यांसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे.

आम्ही मग काय केलं? कार्डाच्या मागे बघितलं. १८६०च्या शेजारी बारीक अक्षरात एक १८००ही होता. बऱ्याच बँकांचे असे दोन्ही असतात आणि चिठ्ठीवर नेमका पैशाचा लिहून मिळतो. तो लावला, फोन स्पीकरवर ठेवला आणि मावशीने आरामात शेवया निवडल्या. अठ्ठावीस मिनिटं. फुकट आहे म्हटल्यावर तिला संगीतही आवडलं. तक्रार क्रमांक मिळाला, तो कॅलेंडरवर लिहिला, आणि त्याच क्रमांकासह शाखेत लेखी अर्ज देऊन पोचेचा शिक्का घेतला. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८वर मिळते, हाही मोफत. वस्तू, सेवा, बिल कशाचीही तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आम्हाला लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. तिसऱ्या आठवड्यात थकबाकीसह पेन्शन जमा झाली.

निघताना मी फोनशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. वर १८००, त्याखाली शाखेचा ०४०चा नंबर, त्याखाली माझा मोबाईल. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून कुठलाही मोबाईल लावायचा तर आधी शून्य लागतो, म्हणून माझ्या नंबरआधी तो ठळक काढला. मावशीने कागद वाचला आणि पेन मागितलं. १८००पुढे तिने 'अवर दुड्डु', म्हणजे त्यांचे पैसे, असं लिहिलं. १८६०चा नंबर मी लिहिलाच नव्हता, तो तिने खाली स्वतः घातला आणि त्यापुढे लिहिलं, 'नम्म दुड्डु'.