तुरा बघून कोंबडी निवडा!

थंड मुलखात कोंबड्या पाळायच्या तर आधी तुरा बघावा, पिसांचा रंग मागाहून, असं माझं ठाम मत आहे. उन्हाळी प्रदेशात मोठा तुरा कामाचा. त्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते. पण कॅनडाच्या हिवाळ्यात तोच तुरा गोठून काळा पडतो.

क्वेबेकमधल्या ओका इथल्या मठात राहणाऱ्या ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी १९०८ च्या सुमारास यावर काम सुरू केलं. कॉर्निश, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, वायनडॉट, प्लिमथ रॉक अशा जातींचा वर्षानुवर्षं संकर करून त्यांनी 'शाँतक्लेर' घडवली. तुरा बसका, चोचीखालची लोंबती लाल कातडी इवलीशी, आणि अंडी हिवाळ्यातही! १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने या जातीला मान्यता दिली. पुढे कारखानी संकरित कोंबड्या आल्या आणि १९७० च्या दशकात ही जात संपली असंच लोक समजून बसले. काही शेतांवर थोड्या उरल्या होत्या, म्हणून वाचली.

आता हौशी मंडळी ती पुन्हा पाळतात. छानच. पण नुसत्या कौतुकाने जात टिकत नाही. ऐन थंडीत जिने अंडी दिली, तिचीच अंडी उबवायला ठेवावीत. बाकीच्या, कितीही देखण्या असोत, रश्श्यात! कठोर वाटेल, पण रूप बघून निवडत गेलो तर काही पिढ्यांनी नाव तेवढं शाँतक्लेर राहील.

तुम्ही कुणाची अंडी ठेवाल?