पत्ता बदलला, कळविले कोणास?

या सत्राच्या प्रारंभी आमच्या महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात एक चमत्कारिक प्रकार घडला. सांख्यिकीच्या प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांनी एका मोफत एडिटरला एक प्लगइन जोडून घ्यावयाचे होते. त्याची कृती मीच दोन वर्षांपूर्वी एका कागदावर टाइप करून दिलेली होती. जुन्या संगणकांवर सर्व सुरळीत चालले. नव्याने आणलेल्या चार संगणकांवर मात्र तोच कागद, तीच कृती आणि तेच इंटरनेट असूनही प्लगइन येईना. उलट पडद्यावर युजरनेम आणि पासवर्ड मागितला जाई. जी वस्तू सर्वांस खुली आहे, तिला पासवर्ड कशासाठी? एका विद्यार्थिनीने स्वतःचे खाते उघडून तोही देऊन पाहिला आणि तो नाकारला गेला. ‘सर, माझंच काहीतरी चुकतंय,’ ती म्हणाली.

वस्तुतः तिचे काहीही चुकले नव्हते. त्या प्लगइनच्या कर्त्याने आपली रिपॉझिटरी, म्हणजे आज्ञावलीच्या मजकुराचे खुले भांडार, एका सेवेवरून दुसऱ्या सेवेवर हलविले होते आणि जुने काढून टाकले होते. जुन्या संगणकांपाशी आधी उतरविलेली प्रत होती, म्हणून त्यांना या स्थलांतराची वार्ताही नव्हती. नवे संगणक रिकाम्या घराचे दार ठोठावीत होते. आणि पासवर्ड? खासगी भांडार अस्तित्वात आहे की नाही हे परक्यास कळू नये म्हणून अशा सेवा ‘असे काही येथे नाही’ असे सरळ न सांगता ओळख विचारतात. या सावधगिरीमागील हेतू योग्य असेल. परंतु तिचा परिणाम असा की, घर हलविले कोणी आणि अपराधी वाटले कोणाला!

स्थलांतर एकाच प्रकारचे नसते. गिटहब या सेवेच्या आतल्या आतच रिपॉझिटरीचे नाव किंवा मालक बदलला, तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्यास नव्या पत्त्याकडे आपोआप वळविले जाते. पण ही सोय सर्वव्यापी नाही. प्रकल्पाला जोडलेल्या संकेतस्थळाचा पत्ता असा वळविला जात नाही. त्यामुळे ब्राउझरमध्ये रिपॉझिटरी व्यवस्थित उघडते आणि त्या संकेतस्थळावरील यादीवरून उतरणारे प्लगइन मात्र अडते. काही वेळा पत्ता तोच राहतो आणि घरातील खोलीचे नाव बदलते. गिटहबवर ऑक्टोबर २०२० पासून नव्या रिपॉझिटरीच्या मुख्य शाखेचे नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ झाले. अनेक जुन्या प्रकल्पांनीही ते स्वीकारले आणि ‘मास्टर’ मागणाऱ्या कृती निरुपयोगी ठरल्या. काही वेळा रस्ताच बंद होतो. ‘गिट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या, असुरक्षित पत्त्यांवरून प्रती देणे गिटहबने १५ मार्च २०२२ पासून कायमचे थांबविले. आणि कधी कधी गावच उठते: गुगल कोड ही सेवा बंद होणार अशी घोषणा मार्च २०१५ मध्ये झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद झाली.

तेव्हा प्लगइन न आल्यास संगणकाचे सारे पुसून पुन्हा भरण्याआधी (आमच्या तंत्रज्ञाने हाच उपाय सुचविला होता व त्यात अर्धा दिवस गेला) कागदावरील पत्ता ब्राउझरमध्ये घालून तो नेमका कोठे जाऊन पोहोचतो, हे पाहावे. काहीच न उघडल्यास त्या साधनाच्या अधिकृत माहितीपानावर नवा पत्ता शोधावा. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. सेटिंगमध्ये नवा पत्ता लिहिला तरी आधी उतरलेल्या फोल्डरच्या पोटात जुनाच पत्ता नोंदलेला असतो. तो फोल्डर काढून टाकल्याशिवाय, किंवा त्यातील नोंद बदलल्याशिवाय, पुष्कळदा गाडी पुढे सरकत नाही.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला यातील हिशेब अधिक खटकतो. घर हलविणाऱ्याचा अर्धा तास जातो. ते वापरणाऱ्या हजारोंचा प्रत्येकी एक तास जातो आणि हा दुसरा खर्च कोणाच्याही खतावणीत चढत नाही. यास आम्ही बाह्य परिव्यय म्हणतो. कारखान्याच्या धुराचे उदाहरण वर्गात नेहमी दिले जाते. येथे धूर दिसत नाही, एवढाच भेद. यावर कोणी म्हणेल की, हे कर्ते विनामोबदला राबतात, त्यांच्याकडून अपेक्षा कसली करावयाची? आक्षेप वजनदार आहे. फुकट पाणी घालणाऱ्यास विहीर का हलविलीस, असे दरडावून विचारण्याचा अधिकार मलाही वाटत नाही. परंतु जुन्या विहिरीवर एक पाटी लावण्यास कितीसे श्रम पडतात?

पाटी न लावता जागा सोडण्यात धोकाही आहे. मे २०२२ मध्ये पीएचपास नावाच्या एका पॅकेजच्या बाबतीत मूळ कर्त्याचे गिटहब-खाते बंद झाल्यानंतर तेच नाव एका परक्याने घेतले आणि जुन्या पत्त्यावर गुप्त किल्ल्या चोरणारी आज्ञावली ठेवली. जुन्या कागदाप्रमाणे वागणाऱ्यास चूक दिसण्याऐवजी सर्व यशस्वी झाल्याचेच दिसावे, हा प्रकार आमच्या संगणक-कक्षातील पासवर्डापेक्षा कितीतरी भयंकर होय. आदल्या आठवड्यात शंभराहून अधिक प्रती उतरविल्या गेलेल्या रिपॉझिटरीचे सोडलेले नाव पुन्हा कोणास न देण्याचा गिटहबचा नियम आहे. पण आपण वापरतो ती लहानसहान प्लगइने या संख्येपर्यंत पोहोचतातच असे नाही.

आपल्या बँकांचे उदाहरण पाहा. देना आणि विजया या बँका १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. त्यांचे जुने आयएफएससी क्रमांक मात्र १ मार्च २०२१ पासून रद्द झाले. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे जुना पत्ता जिवंत होता आणि मुदतीची सूचनाही आगाऊ मिळाली होती. रिपॉझिटरीच्या कर्त्यांनी इतके करावे असे कोणी म्हणणार नाही. जुने नाव सोडू नये, तेथे एक ओळ ठेवावी, पुढील आवृत्तीच्या निवेदनात नवा पत्ता द्यावा, एवढे पुरे.

उरलेला भार आपल्यासारख्या संस्थांनी उचलावयास हवा. लायनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये घडविलेल्या गिट या साधनाची रचनाच अशी आहे की, साधारणपणे प्रत्येक प्रतीत भांडाराचा सगळा इतिहास येतो. अभ्यासक्रमास लागणाऱ्या पाच-दहा प्लगइनांची एक प्रत महाविद्यालयाच्या सर्व्हरवर ठेवण्यास खर्च जवळजवळ शून्य आहे. आम्ही ती ठेवली नव्हती, कारण कोणास सुचले नव्हते.

त्या चार संगणकांवर प्लगइन आता चालते. माझ्या कागदावर नवा पत्ता आणि तो तपासल्याची तारीख घातली आहे. जुन्या कागदाच्या किती प्रती विद्यार्थ्यांच्या वह्यांत अद्याप आहेत, ते मात्र मला सांगता येणार नाही. त्यांना मीही काही कळविलेले नाही.